उपरण्याखालचं भाडं

ज्या घराचं भाडं मी दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता दिलं, त्या घराच्या जागी सरकारी कागदावर ज्वारी उभी होती. सातबारा मी स्वतः पाहिलाय. पीक ज्वारी, जमीन जिरायत. त्या ज्वारीच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहत होतो. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे पत्र्याची गॅलरी.

आमच्या शहरात याचं कुणाला नवल वाटत नाही. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडायचे, बाँडपेपरवर विकायचे आणि घेणाऱ्याने परवानगीच्या नादी न लागता घर बांधून मोकळं व्हायचं, याला इथे गुंठेवारी म्हणतात. परवानगीची घरं परवडत नाहीत म्हणून लोक बिनपरवानगीची बांधतात. आणि ज्यांना तीही बांधता येत नाहीत ते माझ्यासारखे लोक त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतात.

आमचा घरमालक बिडकीनकडचा शेतकरी. औद्योगिक वसाहतीत त्याची जमीन गेली, मोबदला आला, त्यातून त्याने शहराच्या कडेला चार गुंठे घेतले आणि स्वतःपुरतं घर बांधता बांधता तीन भाडेकरूंपुरतं जास्तीचं बांधलं. शेतीच्या जोडीला त्याचा बैलांचा व्यापार होता. शेवटची जोडी विकून दहा वर्षं झाली तरी नजर तीच राहिली. आम्ही राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं आणि हा बाजूला उभा राहून एकेक वस्तू पारखत होता. फ्रिज खाली ठेवल्यावर त्याने पुढे होऊन दार उघडलं आणि बैलाच्या जबड्यात बघावं तसं आत बघितलं. मग म्हणाला, "जुना हाय, पण चालंल."

भाडंही त्याने बैलबाजारासारखंच ठरवलं. माझा हात हातात घेतला, खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं आणि आतून माझी बोटं दाबायला लागला. जनावरांच्या बाजारात भाव असाच होतो. किती बोटं दाबली त्यावरून आकडा, बाजूच्या माणसाला काही कळत नाही. शहरातल्या दुसऱ्या कुणाची पंचाईत झाली असती. मी कन्नड तालुक्यातला. आठवडी बाजारात बापाच्या मागे उभा राहून मी हे लहानपणीच शिकलो होतो. त्याने सात दाबली, मी चार दाबली. तो सातवरच. मी हात काढून घेतला, चप्पल घातली, जिन्यापर्यंत गेलो, परत आलो. दोन वेळा चहा झाला. पाऊण तासाने सौदा चार हजार सातशेवर ठरला. दुसऱ्या दिवशी माझ्या बोटांचे सांधे दुखत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

पुढे दर अकरा महिन्यांनी हेच. करार तोंडी, वाढ उपरण्याखाली. तो पाचशे वाढवायला बघायचा, मी अडीचशेवर आणायचो. असं सहा वेळा झालं आणि भाडं सहा हजार दोनशेवर आलं. उपरण्याखालचा आकडा बाहेर बोलायचा नाही हा बाजाराचा नियम, तो मीही पाळला. खालच्या खोल्यांत खासगी दवाखान्यातली एक नर्स तिच्या आई आणि मुलीबरोबर राहायची. तिला सगळे सिस्टर म्हणायचे. माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत एसी आणि कूलर दुरुस्त करणारा मिस्त्री होता. या दोघांची मला मनातून कीव यायची. बिचाऱ्यांना हात घालता येत नाही. साडेसात-आठ तरी देत असतील.

माझा धंदा सांगायचा तर जुनं घर पाडलं की त्यातली दारं, चौकटी, खिडक्या, ग्रिल मी विकत घेतो आणि नवं बांधणाऱ्याला विकतो. शहरात आलो तेव्हा अशाच पाडलेल्या घरांचा मलबा उचलत होतो. आता हमरस्त्याला दुकान आहे. कुणाच्या बापाचा एक रुपया त्यात नाही. मी आवाज चढवतो असं लोक म्हणतात. मी चढवत नाही, तो चढलेलाच असतो. मलब्याच्या धुळीत वीस वर्षं ओरडून बोललेला माणूस कुजबुजणार कसा?

घरकुलाची बातमी बायकोने आणली. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि त्या दिवशी पिंपांजवळ बायकांना जे कळतं ते पेपरात दोन दिवसांनी छापून येतं.

"अहो, सरकारी घरांचे अर्ज निघालेत," ती म्हणाली. "आपल्या नावावर देशात कुठंच पक्कं घर नको, आणि या शहरात राहतो याचा पुरावा पाहिजे. भाड्यानं राहत असलो तर नोंदवलेला भाडेकरार. दोन महिने मुदत आहे."

"बघू."

"बघू नाही. सात घरं झाली माझी. आता मला सामान फक्त एकदा बांधायचंय."

एवढंच बोलली आणि पिंपावर झाकण ठेवून गेली. मी ओरडलो की ती ऐकून घेते, पण ती अशी हळू बोलली की मला धडकी भरते. तेव्हा ते घर मिळवणं हे माझं काम झालं, आणि त्यासाठी पहिला लागणार होता मालकाचा कागद.

मालक अंगणात बाजेवर बसला होता. मी सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं.

"कागदावर घरच नाय शेठ," तो म्हणाला, "तर भाडेकरू कुठून आणू?"

"काका, फक्त एका अर्जापुरतं."

"घरपट्टीला मी एक खोली आन् गोठा दावलाय. उद्या मी लिहून दिलं का वर दोन भाडेकरू, खाली एक, मग गोठ्यात कोण राहतंय ते बघाया साहेब येतील. दंड लागंल, पट्टी वाढंल. कशाला?"

"अहो, पण माझ्या घराचा प्रश्न आहे."

"व्हय ना. माझ्याबी घराचाच हाय." मग जरा विचार करून म्हणाला, "काय म्हणला तुमी, ज्याच्या नावावर पक्कं घर नाय त्याला भेटतंय? मग मी बी भरतो की. माझ्या कागदावर तर नुसती ज्वारी हाय."

तो चेष्टा करत नव्हता. मुलाला विचारून सांगतो म्हणाला. मी त्यावर जे बोललो ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. शेवटी तो म्हणाला, "पटत नसंल तर दुसरं घर बघा."

मीही पेटलो होतो, बघायला निघालो. एका ठिकाणी मालकाने खोली दाखवायच्या आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग जेवणात काय काय असतं ते विचारलं. दुसरा म्हणाला की नव्या कारखान्यांची माणसं येणार आहेत, कंपनी परस्पर बारा हजार भरते, तुम्ही किती भरता? मी चार बोटं दाखवली. त्याने दार लावून घेतलं. ते दार प्लायवूडचं होतं, ओल लागून खालून फुगलेलं, हे मी त्याला बाहेरूनच सांगितलं. तिसरीकडे करार मिळत होता, पण आधी सहा महिन्यांचं डिपॉझिट, दलालाला एक महिना आणि गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत अशी अट. आठ दिवस फिरलो. संध्याकाळी घरी आलो की बायको विचारायची नाही. ताट वाढायची.

नवव्या दिवशी मालकच जिना चढून वर आला. तो सहसा वर येत नसे, गुडघे दुखायचे. गॅलरीत बसला आणि म्हणाला, "गुंठेवारीची घरं कायदेशीर करून द्यायची सोय निघालीय. मुलगा म्हणतो करून घ्या, नायतर एक दिवस पाडत्याल. त्याला इंजिनिअर लागतो. मी गेलतो. तो चाळीस हजार म्हणतोय नुसत्या नकाशाचे आन् फायलीचे. सरकारी फी येगळी."

"मग?"

"त्येला खाली आणा. माझी फाईल दाखल झाली की मी तुमाला कागद देतो."

मला राग धरायचा होता, पण कुणीतरी चाळीस हजार मागतंय आणि मालक मला त्याच्यावर सोडतोय म्हटल्यावर तो धरवला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं इंजिनिअरच्या ऑफिसात. तरुण पोरगा, एसी, काचेचं टेबल. मालकाने बसल्या बसल्या त्याचा हात धरला आणि वर उपरणं टाकलं. इंजिनिअरने हात असा काही ओढून घेतला की पाण्याचा ग्लास लवंडला. मी मालकाला म्हणालो, तुम्ही बाहेर बसा.

मग मी आधी त्याच्या दाराची चौकशी केली. "हे दार सागवानी म्हणून घेतलं का साहेब?"

"हो, बर्मा टीक."

"कितीला?" त्याने सांगितलं. नुसता उठून दाराजवळ गेलो, बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं आणि परत येऊन बसलो.

"का? काय झालं?"

"काही नाही. आपल्या फायलीचं बोलू."

त्यानंतर त्याचं निम्मं लक्ष दाराकडेच होतं. मी दोनदा उठलो, दोनदा त्याने बसवलं. बावीस हजारांवर आला, आणि सहीशिक्क्याच्या सगळ्या चकरा त्याच्याकडे. बाहेर मालकाला आकडा सांगितला तेव्हा तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. "बैलांच्या टायमाला भेटला असता तर," तो म्हणाला, "तुला दलाल म्हणून ठेवला असता." अहोजाहोवरून अरेतुरेवर आला, पण त्या दिवशी मला ते पदक मिळाल्यासारखं वाटलं. दार खरं सागवानीच होतं. अठरा हजार वाचले, माझे नव्हे, त्याचे. तरी मी घरी पेढे नेले.

महिन्याभरात फाईल दाखल झाली. पावती आली. मालकाने शब्द पाळला. सिस्टर आणि मिस्त्री यांनाही अर्ज करायचा होता, म्हणून तिघांचे करार एकाच दिवशी करायचं ठरलं. अर्जाची मुदत संपायला दोन दिवस होते. नोंदणीच्या कचेरीबाहेर पत्र्याखाली एक टायपिस्ट बसतो, त्याच्यासमोर आम्ही सगळे उभे. मालक, मिस्त्री, सिस्टर, मी, आणि छातीशी फाईल धरून माझी बायको.

माझा करार आधी टाइप झाला. आकडा मी वाकून टायपिस्टच्या कानात सांगितला होता, नियम म्हणून. मग त्याने सिस्टरला विचारलं, "भाडं?"

"साडेचार हजार," सिस्टर नेहमीच्या आवाजात म्हणाली.

मला वाटलं कागदावर कमी दाखवतायत. टायपिस्टने मिस्त्रीला विचारलं, "तुमचं भाऊ?"

"चार हजार आठसौ," मिस्त्री म्हणाला.

मी सिस्टरला विचारलं, "खरं भाडं सांगितलं का तुम्ही?"

"मग खोटं कशाला सांगू दादा? दर महिन्याला ऑनलाइन पाठवते, त्याची नोंद आहे."

खोल्या दोन, त्यांच्याही दोन. मोरी मागे, त्यांचीही मागे. सिस्टरला तर जिनाही चढावा लागत नाही. मी मालकाकडे वळलो. तो उपरण्याच्या काठाचा निघालेला दोरा बघत होता.

"काका, यांचं साडेचार?"

"व्हय."

"आणि माझं सहा दोनशे?"

"उपरण्याखालची गोष्ट चारचौघांत काढायची नसती शेठ."

मिस्त्री म्हणाला, "छे हजार दोसौ? शेठ, तुम तो बोलते थे तुम्हारे को भाव का समझता." तो हसला नाही, हे मला जास्त लागलं. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"याला कसं काय दिलं?" मी ओरडलो.

"मेरे को तो कुछ पूछेच नै," मिस्त्रीच बोलला. "बोले, कूलर सुधारके दे, और जमता उतना दे."

"आणि सिस्टरला?"

मालक आता सावकाश बोलायला लागला. "सिस्टर आली तवा म्हणली, काका, पगार इतका हाय, इतकं देऊ शकते, जागा असंल तर सांगा. मी म्हणलं, ऱ्हा. तुमी आले ते बाही वर सारून आले. मी म्हणलं, हा भाव कराया आलाय. मग मी भाव केला. माझी काय चूक?"

टायपिस्टने टाइप करणं थांबवलं होतं. शेजारच्या पत्र्याखालचे दोन टायपिस्टही थांबले होते. माझ्या हातात पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवरचा माझा करार होता. तो मी उभा फाडला, मग आडवा फाडला. असं मी माझ्या दुकानात गिऱ्हाइकाच्या तोंडावर पावत्या फाडतो, ते घाबरून भाव वाढवून देतं. इथे कुणी घाबरलं नाही. मालकाने उपरणं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "मी चहाला जातो."

बायकोने फाईल बंद केली. मला वाटलं ती मालकाला काहीतरी बोलेल. ती मला म्हणाली, "परवा अर्ज बंद होतो."

"त्याने मला सहा वर्षं लुटलं."

"सात घरं झाली," ती म्हणाली. "प्रत्येक घरात तुम्ही शंभर-दोनशे कमी केले, आणि प्रत्येक घरातून आपण भांडून निघालो. ते शंभर-दोनशे टेम्पोवाल्यानंच नेले. आता तुम्हाला घर पाहिजे का जिंकायचंय, ते ठरवा. मी त्या बाकावर बसते."

ती खरंच जाऊन बाकावर बसली. मी बराच वेळ तिथेच उभा होतो. सहा वर्षांचा हिशेब डोक्यात सुरू झाला होता, तो मी तीनदा अर्ध्यात सोडला. मग नवा स्टॅम्पपेपर घेतला, माझ्या पैशाने, आणि चहाच्या गाड्याकडे गेलो. मालक बशीत चहा ओतून पीत होता.

"काका," मी म्हणालो. पुढचं वाक्य सापडत नव्हतं. आयुष्यात मी 'किती' आणि 'परवडत नाही' यांच्यामध्ये बोललेलो माणूस. "मला हा कागद पाहिजे. द्या."

त्याने बशी खाली ठेवली. "भाव न करता?"

"न करता."

"मग चला की." उठताना त्याने माझ्या खांद्याचा आधार घेतला. टायपिस्टपाशी आल्यावर विचारलं, "किती लिवायचं?"

आता म्हातारा स्वतःहून म्हणेल, साडेचार लिहा. मी जीभ आवरून उभा राहिलो. टायपिस्टही वाट बघत होता.

"सहा हजार दोनशे," शेवटी मीच म्हणालो.

"लिव्हा," मालक म्हणाला.

जिना चढण्याआधी त्या संध्याकाळी मी त्याला विचारलंच. सिस्टरसारखं मागितलं तर मला सिस्टरचा भाव का नाही? तो म्हणाला, "तुमी कागद मागितला. कागद दिला. भाडं कुठं मागितलं?" हा माणूस माझ्यापेक्षा हुशार आहे हे मी तोवर कबूल केलं नव्हतं. आजही फक्त इथे लिहितोय.

अर्ज मुदतीत गेला. खिडकीवरच्या माणसाने करार बघितला, फायलीची पावती बघितली आणि शिक्का मारला. आमच्या पुढच्या बिल्डिंगमधले दोघं त्याच रांगेतून परत गेले. त्यांच्या मालकाने कागद दिला नव्हता, त्यांची ज्वारी अजून ज्वारीच होती. बायको बाहेर येऊन पाणी प्यायली. सकाळपासून प्यायली नव्हती म्हणे.

पण गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. चार-पाच महिन्यांनी मालकाचं घर कायदेशीर झालं. त्याने प्रमाणपत्र फ्रेम करून दर्शनी भिंतीवर लावलं. आणि पुढच्या पाच तारखेला त्याचा पुण्यात नोकरी करणारा मुलगा आला, तिघांनाही खाली बोलावून म्हणाला की आता प्रॉपर्टी क्लिअर आहे, घरपट्टी वाढलीय, फी भरलीय, एरियाचा रेट आठ हजार चालू आहे. उपरणं नाही, चहा नाही. आठ हजार, सगळ्यांना सारखे. मी बाही वर सारली. तो म्हणाला, "अंकल, निगोशिएबल नाही." मालक बाजेवर बसून पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. मला त्या क्षणी त्याची आठवण यायला लागली, आणि तो समोरच बसला होता.

"काका, मला एवढं जमायचं नाही," सिस्टर त्याला म्हणाली, पहिल्यासारखंच.

"पोरगा बघतो आता सगळं," तो म्हणाला.

सिस्टर महिनाअखेर बिडकीनच्या रस्त्याला कुठेतरी आत एका खोलीत गेली. दोनाची एक झाली आणि दवाखान्याला जायला पाऊण तास लागायला लागला. टेम्पोत सामान चढवायला मी आणि मिस्त्री होतो. दोरी बांधून झाल्यावर ती हसत म्हणाली, "दादा, इंजिनिअरला तुम्ही एवढं खाली आणायला नको होतं. चाळीस हजाराला काकांनी फाईल केलीच नसती." ती चेष्टेने म्हणाली. मी दोरीची गाठ परत एकदा आवळली, ती आवळलेलीच होती.

घरकुलांच्या सोडतीत तिचा नंबर आला नाही. मिस्त्रीचाही नाही. आमचा आला. बायकोने यादी मोबाइलवर मोठी करून करून बघितली, मग मला अर्ज क्रमांक वाचायला लावला आणि स्वतः फाईलमधला पडताळून बघितला. तीन वेळा.

पहिला हप्ता भरायला आम्ही दोघं गेलो. खिडकीत एक तरुण मुलगी बसली होती. तिने कागद बघितले, संगणकावर बघितलं आणि सांगितलं, "घराची एकूण किंमत नऊ लाख ऐंशी हजार. आज नव्वद हजार भरायचे."

डीडी माझ्या खिशात होता. हात खिशात गेला आणि तिथेच राहिला.

"शेवटचं किती?" मी विचारलं.

"काय शेवटचं?"

"किंमत. चौथा मजला दिलाय तुम्ही. वरच्या मजल्याला कमी पाहिजे."

"काका, ही सरकारी योजना आहे."

"सरकार पण कुणाकडून तरी घेतंच ना. सगळे एकदम दिले तर?"

"एकदम घेतच नाही आम्ही. हप्त्यांनीच आहे."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "पाव्हणं, मेथीची जुडी घेता का घर?" सगळे हसले. मी मागे वळलो, छातीत हवा भरली, आणि तेवढ्यात खिशातला माझा हात हलका झाला. बायकोने डीडी काढून खिडकीतून आत सरकवला होता. मुलीने पावती छापली. बायकोने ती घेतली, घडी न घालता फाईलमध्ये ठेवली आणि चालायला लागली.

घर अजून जोत्याच्या वर आलेलं नाही. तोवर आम्ही आठ हजार भरतोय, आणि मालक मला बघितला की घरात जातो. त्या दिवशी हप्ता भरून परतताना मी स्कूटर चालवत होतो. आकाशवाणीच्या चौकाच्या अलीकडे सिग्नलला थांबलो तेव्हा मागून बायकोने विचारलं, "खरं सांगा, तिनं भाव केला असता तर किती कमी केले असते तुम्ही?"

मी जरा विचार केला. "चाळीस हजार तर डोळे झाकून."

"चाळीस?"

"पोरगी कच्ची होती. चाळीस कुठं जात नाहीत."

ती म्हणाली, "त्यात ओटा ग्रॅनाइटचा झाला असता."

"ओट्याला एवढे लागत नाहीत. बारा हजारांत होतो. मी करून आणला असता."

"मग उरलेल्याची पाण्याची टाकी. मोठी. आपली वेगळी."

"आणि गॅलरीला ग्रिल. ते दुकानातलंच. फक्त रंगाचे पैसे."

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी गाडी पुढे घेतली. चौक ओलांडेपर्यंत आम्ही दोघांनी ते चाळीस हजार सगळे खर्च करून टाकले होते, आणि रंगाला वरचे दोन हजार कमीच पडत होते.